संधिवाताभ संधिशोथ : स्थानिक औषधयोजना

संधिवाताभ संधिशोथ (सांध्यांची दीर्घकालीन दाहयुक्त सूज) या आत्मप्रतिरक्षाजन्य रोगात औषध सर्व शरीरभर न पसरविता रोगट सांध्यात किंवा त्याच्या लगतच्या भागात पोहोचविण्याच्या व तेथे शक्य तितका काळ टिकवून धरण्याच्या पद्धतींना स्थानिक औषधयोजना म्हणतात. सांध्यात अंतःक्षेपणाने (सुई टोचून) स्टेरॉइडे देणे, त्वचेवर मलम वा जेल चोळणे, किरणोत्सर्गी कण सांध्यात सोडणे आणि सूक्ष्म वाहकांमार्फत औषध सावकाश मुक्त करणे या तिच्या प्रमुख पद्धती होत. या सर्व पद्धतींपुढील मुख्य अडचण औषध सांध्यात घालण्याची नसून ते तेथे राहू देण्याची आहे. शिवाय मूळ रोग सबंध शरीराचा असल्यामुळे स्थानिक उपचार एखाद्या सांध्याला आराम देऊ शकतो. तो रोग थांबवू शकत नाही. या दोन गोष्टी ध्यानात घेतल्याशिवाय या उपचारांचे मोल व मर्यादा कळत नाहीत.

रोगाचे स्वरूप : शरीराचे परकीय जंतूंपासून रक्षण करणारी प्रतिरक्षा यंत्रणा स्वतःच्याच ऊतकांविरुद्ध (समान रचना व कार्य असलेल्या कोशिकांच्या समूहांविरुद्ध) कार्य करू लागली म्हणजे आत्मप्रतिरक्षा रोग उद्‌भवतात. संधिवाताभ संधिशोथात हा हल्ला मुख्यत्वे सांध्याच्या पोकळीच्या आतील अस्तरावर, म्हणजे श्लेषक कलेवर होतो. निरोगी अवस्थेत या कलेचा वरचा थर एक ते तीन कोशिकांइतकाच जाड असतो. रोगात तो अनेकपट वाढतो, त्यात महाभक्षी व इतर प्रतिरक्षक कोशिका गोळा होतात, नव्या रक्तवाहिन्या फुटतात आणि ही मांसल वाढ शेजारच्या कूर्चेवर व हाडावर पसरून त्यांना कुरतडते. झालेली झीज पुढे भरून येत नाही. म्हणून पहिल्या एकदोन वर्षांतील उपचारांना विशेष महत्त्व आहे.

मनगटे तसेच हाताच्या बोटांचे मुळाकडील व मधले सांधे प्रथम व बहुधा दोन्ही बाजूंस सारखेच धरले जातात. सकाळी उठल्यावर हात तासभर किंवा अधिक काळ आखडलेले राहणे हे सूचक लक्षण होय. वयोमानाने होणाऱ्या सांध्यांच्या झिजेपेक्षा हा रोग वेगळा आहे. त्यात रक्तन्यूनता, थकवा, डोळ्यांचा कोरडेपणा आणि फुप्फुसांचे व रक्तवाहिन्यांचे विकारही आढळतात. स्त्रियांत तो पुरुषांच्या सु. तिप्पट असतो.

महाराष्ट्रातील या रोगाच्या प्रमाणाची कल्पना पुणे जिल्ह्यातील भिगवण (ता. इंदापूर) येथे १९९६ मध्ये सुरू झालेल्या पाहणीवरून येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुरस्काराने आखलेल्या आंतरराष्ट्रीय कार्यक्रमाचा भाग म्हणून पुण्याचे संधिविकारतज्ञ अरविंद चोप्रा व त्यांच्या सहकाऱ्यांनी गावातील चार हजारांहून अधिक प्रौढांची घरोघर जाऊन विचारपूस व तपासणी केली. सु. १८ टक्के प्रौढांना हाडे, सांधे वा स्नायू यांच्या तक्रारी होत्या; त्यांपैकी संधिवाताभ संधिशोथाचे प्रमाण एकूण प्रौढांच्या सु. अर्धा टक्का, म्हणजे दर दोनशे प्रौढांमागे एक असे भरले.

सांध्यातील औषधाचे वास्तव्य : गुडघ्यासारख्या मोठ्या सांध्यातही निरोगी अवस्थेत श्लेषक द्रव जेमतेम काही मिलि. असतो. श्लेषक कलेतील केशवाहिन्यांच्या भित्तींना बारीक छिद्रे असतात व कलेखाली अडसर ठरेल असे आधारपटल नसते. त्यामुळे रक्तातील द्रव्ये सांध्यात सहज येतात आणि तितक्याच सहज निघूनही जातात. लहान रेणू केशवाहिन्यांतून रक्तात परततात, तर प्रथिनांसारखे मोठे रेणू लसीका वाहिन्यांवाटे बाहेर पडतात. पाण्यात विरघळणारे साधे वेदनाशामक औषध सांध्यात टोचल्यास त्याचे निम्मे प्रमाण एक ते पाच तासांतच नाहीसे होते. सांधा सुजलेला असल्यास रक्तप्रवाह वाढलेला असतो आणि औषध आणखी लवकर वाहून जाते. म्हणजे जेथे औषधाची गरज सर्वांत अधिक, तेथेच ते सर्वांत कमी टिकते. चळलेल्या माठात पाणी भरावे तसा हा प्रकार असल्याने औषधाचा विद्राव्यपणा कमी करणे, त्याच्या कणांचा आकार वाढविणे किंवा त्याला सांध्यातील घटकांशी जखडून ठेवणे या तीन दिशांनी संशोधन झाले आहे.

स्टेरॉइडांची अंतःक्षेपणे : अधिवृक्क ग्रंथीच्या बाह्यकातून मिळणारे कॉर्टिसोन हे हॉर्मोन फिलिप हेंच यांनी अमेरिकेतील मिनेसोटा राज्यातील रॉचेस्टर येथे सप्टेंबर १९४८ मध्ये या रोगाच्या एका स्त्री रुग्णास प्रथम दिले. काही दिवसांतच ती हिंडूफिरू लागली. हेंच, एडवर्ड केंडल व टाडेउश राइखश्टाइन यांना १९५० चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. तथापि पोटात वा स्नायूत दीर्घकाळ दिलेल्या स्टेरॉइडांनी चेहरा सुजणे, हाडे ठिसूळ होणे, रक्तदाब व रक्तातील साखर वाढणे आणि जंतुसंसर्गाला बळी पडणे असे दुष्परिणाम लवकरच दिसून आले. त्यामुळे औषध केवळ सांध्यात देण्याची कल्पना पुढे आली. कॉर्टिसोन सांध्यात टोचून फारसा गुण येत नाही. कारण त्याचे क्रियाशील हायड्रोकॉर्टिसोनात रूपांतर प्रामुख्याने यकृतात होते. फिलाडेल्फिया येथील जोसेफ हॉलंडर यांनी १९५१ मध्ये थेट हायड्रोकॉर्टिसोनच वापरून ही अडचण दूर केली आणि या पद्धतीचा जगभर प्रसार झाला.

हल्ली मिथिलप्रेडनिसोलोन ॲसिटेट, ट्रायअँसिनोलोन ॲसिटोनाइड व ट्रायअँसिनोलोन हेक्सॲसिटोनाइड ही अल्पविद्राव्य संयुगे वापरतात. त्यांचे सूक्ष्म स्फटिक सांध्यात साठून राहतात व सावकाश विरघळतात. परिणाम काही आठवडे ते काही महिने टिकतो. मात्रा सांध्याच्या आकारमानाप्रमाणे ठरते. उदा., ट्रायअँसिनोलोन ॲसिटोनाइड गुडघ्यात साधारणतः ४० मिग्रॅ. पर्यंत देतात, तर बोटाच्या सांध्यास ५ मिग्रॅ. च्या आसपासची मात्रा पुरते. सांध्यात साचलेला द्रव आधी काढून घेतात व तो तपासतात. नंतर एकदोन दिवस सांध्याला विश्रांती दिल्यास औषध आत अधिक काळ राहते. एकाच सांध्यात किमान तीन महिन्यांचे अंतर ठेवावे व वर्षातून तीनचारहून अधिक वेळा टोचू नये, असा संकेत आहे. वरचेवर दिलेल्या मात्रांनी कूर्चेस इजा पोहोचते.

टोचल्यानंतर एकदोन दिवस दुखणे वाढणे, मधुमेही रुग्णाची साखर काही दिवस चढणे आणि टोचलेल्या जागी त्वचा पातळ व फिकट होणे हे दुष्परिणाम संभवतात. सावळ्या वर्णावर हा फिकटपणा ठळक दिसतो. निर्जंतुक रीतीने काम केल्यास सांध्यात पू होण्याचा धोका फार थोडा असतो, पण तसे झाल्यास तो गंभीर ठरतो. एकच सांधा बराच काळ सुजलेला असेल, तर आपल्याकडे सांध्याच्या क्षयरोगाची शक्यता तपासल्याशिवाय स्टेरॉइड टोचणे घातक होय. कारण जंतुसंसर्ग त्यामुळे बळावतो. २००६ मध्ये महाराष्ट्रात चिकुनगुन्याची मोठी साथ आली होती. अशा साथीनंतर महिनोन्‌महिने रेंगाळणारी सांधेदुखीही या रोगासारखी भासू शकते, म्हणून आधी निदान निश्चित करावे लागते.

त्वचेवाटे औषध : त्वचेचा सर्वांत बाहेरील शृंगस्तर सु. ०·०१ ते ०·०२ मिमी. एवढाच जाड असला, तरी औषधांना तो भक्कम तटबंदीसारखा असतो. सु. ५०० डाल्टनपेक्षा कमी रेणुभाराची व मेदात काहीशी विरघळणारी द्रव्येच त्यातून आत जातात. डायक्लोफिनॅकासारख्या वेदनाशामकांची जेल बोटे, मनगट, गुडघा अशा उथळ सांध्यांचे दुखणे कमी करतात व पोटात घेतलेल्या गोळ्यांच्या मानाने जठरास कमी त्रास देतात. खांदा वा खुबा या खोल सांध्यांपर्यंत त्यांचा प्रभाव पोहोचत नाही. ती केवळ वेदनाशामक असून हाडांची झीज रोखत नाहीत. सौम्य विद्युत्‌प्रवाहाच्या साहाय्याने किंवा वेदना न करणाऱ्या सूक्ष्म सुयांच्या पट्टीने औषध आत सोडण्याचे प्रयोग झाले आहेत.

किरणोत्सर्गी कणांचा उपयोग : स्टेरॉइडांना दाद न देणाऱ्या सांध्यातील वाढलेली श्लेषक कला शस्त्रक्रियेने काढून टाकता येते. तिला पर्याय म्हणून अल्प पल्ल्याचे बीटा किरण देणारे कण सांध्यात सोडण्याची पद्धत १९५० नंतरच्या दशकात युरोपात सुरू झाली. कलेतील महाभक्षी कोशिका हे कण गिळतात व किरणांनी रोगट थर सुकत जातो. किरणांचा पल्ला कलेच्या जाडीशी जुळावा लागतो. यिट्रियम-९० च्या किरणांचा ऊतकातील कमाल पल्ला सु. ११ मिमी. असल्याने ते गुडघ्यास योग्य. अर्बियम-१६९ चा पल्ला जेमतेम १ मिमी. असल्याने ते बोटांच्या सांध्यांसाठी वापरतात.

या क्षेत्रात मुंबईजवळील तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राने उल्लेखनीय काम केले आहे. हाडांचा मुख्य खनिज घटक असलेल्या हायड्रॉक्सिॲपेटाइटाच्या काही मायक्रोमीटर आकाराच्या कणांवर यिट्रियम, ल्युटेशियम, होल्मियम इ. मूलद्रव्यांचे किरणोत्सर्गी समस्थानिक बसविण्याच्या रीती तेथे विकसित करण्यात आल्या. कण फार लहान असल्यास ते सांध्यातून निसटून लसीका ग्रंथींत जातात व फार मोठे असल्यास कोशिकांना गिळता येत नाहीत. म्हणून आकारावर काटेकोर नियंत्रण ठेवावे लागते. १९८५ मध्ये कार्यान्वित झालेल्या तेथील ध्रुव या अणुभट्टीत ल्युटेशियम-१७७ तयार करता येते. त्याचे अर्धायुष्य सु. ६·६५ दिवस असल्याने ते दूरच्या रुग्णालयांपर्यंत नेता येते, आणि त्याचा भारतातील रुग्णांच्या गुडघ्यांवर उपयोग करून पाहण्यात आला आहे. टोचल्यानंतर दोनतीन दिवस सांधा आधारपट्टीने स्थिर ठेवतात. गरोदर व स्तनपान करविणाऱ्या स्त्रियांना हा उपचार वर्ज्य आहे आणि तो अणुवैद्यकाची सोय असलेल्या रुग्णालयातच करता येतो.

सूक्ष्म वाहक : लिपिडाच्या दुपदरी वेष्टनाची पोकळ सूक्ष्म गोलके म्हणजे लायपोसोम. त्यांत बंद केलेले औषध हळूहळू बाहेर पडते. असे वाहक आपल्याकडे अपरिचित नाहीत. ॲम्फोटेरिसिन-बी या कवकनाशक औषधाच्या लायपोसोमयुक्त भारतीय स्वरूपाच्या विकासात मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील संशोधकांचा महत्त्वाचा वाटा होता. शरीरात विघटन पावणाऱ्या बहुवारिकांच्या गोलिकांत ट्रायअँसिनोलोन भरून केलेल्या एका दीर्घप्रभावी औषधास अमेरिकेत २०१७ मध्ये मान्यता मिळाली. परंतु ती गुडघ्याच्या झिजेच्या दुखण्यापुरती आहे. याखेरीज सांध्यातील दाह वाढल्यावर स्रवणाऱ्या एंझाइमांनीच विघटन पावून औषध मोकळे करणारी जेल, तसेच दाहग्रस्त सांध्यातील सच्छिद्र रक्तवाहिन्यांतून आपसूक आत झिरपतील असे शिरेवाटे द्यावयाचे अतिसूक्ष्म कण यांवर संशोधन चालू आहे. त्यांपैकी बहुतेकांची चाचणी अद्याप उंदीर, घुशी यांसारख्या प्राण्यांवरच झालेली आहे. सांध्यात मेथोट्रेक्सेट किंवा दाहकारक प्रथिनांना रोखणारी जैव औषधे टोचूनही स्टेरॉइडांपेक्षा निश्चित अधिक गुण आल्याचे दिसले नाही.

सांध्यातील कोशिकांनाच औषधी प्रथिन निर्माण करावयास लावण्याचा प्रयत्न पिट्सबर्ग येथे १९९६ मध्ये प्रथम झाला. रुग्णांच्या स्वतःच्या श्लेषक कोशिकांत दाहरोधक प्रथिनाचे जीन घालून त्या बोटांच्या सांध्यांत परत सोडण्यात आल्या व जीन कार्य करते असे आढळले. २००७ मध्ये मात्र विषाणूवाहित जीनाच्या एका अमेरिकन चाचणीत सहभागी झालेली रुग्ण कवकसंसर्गाने दगावली. ती त्याच वेळी प्रतिरक्षा दडपणारी इतर औषधेही घेत होती व मृत्यूचे कारण इंजेक्शन असल्याचे सिद्ध झाले नाही. तरीही या क्षेत्रातील सावधगिरी वाढली.

आयुर्वेदीय व पारंपरिक उपचार : माधवनिदान या ग्रंथात आमवाताचे स्वतंत्र प्रकरण असून त्यातील वर्णन संधिवाताभ संधिशोथाशी बरेच जुळते. आयुर्वेदाने या व्याधीचे मूळ सांध्यात न मानता अग्निमांद्यामुळे साचलेल्या आमात मानले आहे. त्यामुळे लंघन, दीपन, विरेचन व बस्ती या सर्वदेही उपचारांबरोबरच स्थानिक उपचार सांगितले आहेत. त्यांत तापविलेल्या वाळूच्या पुरचुंडीने शेकणे (वालुकास्वेद), लेप व उपनाह (पोटीस) यांचा समावेश होतो. आमावस्थेत तेलाचा अभ्यंग करू नये, असा दंडक आहे. पोटात सुंठीच्या काढ्यातून एरंडेल व सिंहनाद गुग्गुळ देतात.

कोकणात निगडीचा पाला गरम करून बांधणे व उन्हाळ्यांत (गरम पाण्याच्या झऱ्यांत) स्नान करणे हे उपाय रूढ आहेत. रत्नागिरी जिल्ह्यातील उन्हवरे (ता. दापोली), अरवली, तुरळ व राजवाडी (ता. संगमेश्वर) आणि राजापूरजवळील उन्हाळे येथील झरे त्यांसाठी प्रसिद्ध असून त्यांच्या पाण्याचे तापमान ठिकाणपरत्वे सु. ४०° ते ७०° से. असते. शेकाने स्नायू सैल होऊन आखडलेपणा तात्पुरता कमी होतो. श्लेषक कलेतील रोगप्रक्रिया मात्र तशीच चालू राहते. बिब्बा घालणे व डाग देणे या उपायांनी त्वचा भाजते व जखम चिघळू शकते, ते टाळावेत.

रत्नागिरी जिल्ह्यातील प्रश्न : स्थानिक औषधयोजनेचा विचार करताना रुग्ण कोण व रुग्णालय किती दूर, हेही पाहावे लागते. २०११ च्या जनगणनेनुसार रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,१५,०६९ असून दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या. पुरुष नोकरीधंद्यासाठी मुंबईस राहत असल्याने शेतीचा व घराचा भार पुष्कळ ठिकाणी स्त्रियांवरच पडतो. भाताची लावणी, काजूगर सोलणे, मासळी निवडणे ही कामे बोटांच्या व मनगटांच्या बळावर चालतात; आणि नेमके हेच सांधे या रोगात प्रथम जातात. भिगवणचे प्रमाण येथे लागू पडते असे गृहीत धरल्यास जिल्ह्यातील रुग्णांची संख्या काही हजारांत भरेल. कोकणचा दमट पावसाळा रोगाचे कारण नव्हे, मात्र त्या दिवसांत दुखणे वाढते असे अनेक रुग्ण सांगतात.

संधिविकारतज्ञ प्रामुख्याने मुंबई, पुणे यांसारख्या मोठ्या शहरांतच आढळतात. चिपळूण तालुक्यात सावर्डे-डेरवण येथील वैद्यकीय महाविद्यालय व २०२३ मध्ये रत्नागिरी येथे सुरू झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय यांमुळे जिल्ह्यातच निदानाची व उपचारांची सोय वाढण्यास वाव मिळाला आहे. ज्या स्त्रीस दर महिन्यास शहर गाठणे शक्य नाही, तिला लावणीपूर्वी मनगटात योग्य रीतीने टोचलेले दीर्घप्रभावी स्टेरॉइड दोनतीन महिने काम करण्याइतका आराम देऊ शकते. येथेच धोकाही आहे. दुखणे थांबले म्हणजे रोग गेला, अशी समजूत होऊन मूळ औषधे बंद केली जातात आणि शांत झालेल्या मनगटाच्या शेजारी दुसरे सांधे झिजत राहतात. निनावी पुड्या व गोळ्यांनी झटपट आराम पडतो तेव्हा त्यांत पुष्कळदा स्टेरॉइड मिसळलेले असते. असे औषध सांध्यापुरते मर्यादित न राहता सबंध शरीरावर परिणाम करते व ते एकाएकी बंद केल्यास जिवावरही बेतू शकते.

उपचारातील स्थान : रोगाची गती बदलणारी औषधे, मुख्यतः मेथोट्रेक्सेट, ही उपचाराचा पाया होत. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे असते. ते चुकून रोज घेतल्यास प्राणघातक ठरू शकते. त्याचा गुण दिसण्यास सहा ते बारा आठवडे लागतात. तोवरच्या काळात सांध्यातील अंतःक्षेपण पुलासारखे उपयोगी पडते. पुढेही रोग सर्वत्र आटोक्यात असताना एखाददुसरा सांधा उसळल्यास सर्व औषधांची मात्रा वाढविण्याऐवजी तेवढ्याच सांध्यावर उपचार करता येतो. अनेक सांधे एकाच वेळी सुजत असतील, तर मात्र एकामागून एक टोचत राहण्याऐवजी मूळ औषधयोजनाच बदलणे आवश्यक असते. सांध्यात औषध अनेक महिने टिकविणारे वाहक उद्या सहज उपलब्ध झाले, तरी त्यांचे स्थान हेच राहील; कारण रोगाची प्रेरणा सांध्याबाहेर, प्रतिरक्षा यंत्रणेत आहे. हात कार्यक्षम राहावेत यासाठी लवकर निदान, अखंड सर्वदेही उपचार आणि योग्य वेळी दिलेले स्थानिक औषध या तिन्हींची जोड लागते.